शिष्यवृत्तीची तारीख : नागाव परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अक्षी ओलांडली की नागाव लागते. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस भातशेती आणि या दोहोंच्या मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्यांचा दाट पट्टा, अशी या गावाची ठेवण आहे. गेल्या काही दशकांत या वाड्यांतून पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या आणि शनिवार-रविवारी गावाचे स्वरूप पालटू लागले. बारावीनंतर येथील मुले-मुली प्रामुख्याने आठ-नऊ किलोमीटरवरील अलिबागला शिकावयास जातात. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पनवेल, नवी मुंबई वा मुंबई गाठणारेही आहेत. यांपैकी अनेकांच्या शिक्षणाचा खर्च कोणत्या ना कोणत्या शासकीय साहाय्याशी जोडलेला असतो.

महाविद्यालयीन अध्यापकांमध्ये शिष्यवृत्तीची चर्चा होते ती बहुधा दोन अंगांनी : रक्कम किती आणि पात्र कोण. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेतच. परंतु तिसरे एक अंग आहे, ज्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते म्हणजे तारीख. पैसा कधी येतो, दाखला कोणत्या दिवसाचा मागितला जातो, पुरावा कोणत्या सालापूर्वीचा हवा आणि मदत कोणत्या महिन्यात थांबते, या गोष्टींवर विद्यार्थी महाविद्यालयात टिकतो की नाही हे पुष्कळदा ठरते. प्रस्तुत लेखात शिष्यवृत्तीच्या व्यवस्थेचे विवेचन या अंगाने करावयाचे आहे.

‘वृत्ती’ या शब्दाचा अर्थ

आज आपण ‘शिष्यवृत्ती’ हा एकच शब्द तीन भिन्न गोष्टींसाठी वापरतो. पहिली, गुणवत्तेबद्दल मिळणारे पारितोषिक. दुसरी, महाविद्यालयाच्या शुल्काची शासनाने केलेली भरपाई, म्हणजे प्रतिपूर्ती. तिसरी, विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी त्याच्या हातात पडणारा भत्ता. शब्दाचा मूळ अर्थ मात्र या तिसऱ्या गोष्टीपाशी आहे. वृत्ती म्हणजे उपजीविकेचे साधन. जोशीपणाची, उपाध्येपणाची वृत्ती असा प्रयोग आपल्या जुन्या कागदपत्रांत सर्रास आढळतो. शिष्याने शिकत असताना जगावे कसे, याची तरतूद म्हणजे शिष्यवृत्ती. शुल्क हा त्यातील मुख्य भाग नव्हता.

पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा ही अशीच निर्वाहाची तरतूद होती. ती एका जातीपुरती मर्यादित होती, हा तिचा दोष उघडच आहे. इंग्रजी अंमल आल्यावर याच निधीतून १८२१ साली पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९-५० च्या सुमारास पुण्यातील तरुण सुधारकांनी या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा अशी मागणी केली, त्यावरून शहरात मोठे वादळ उठले आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. त्यानंतर महाविद्यालयांतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. आगरकर डेक्कन कॉलेजात असे फेलो होते. सार्वजनिक पैशातून कोणी शिकावे आणि काय शिकावे, हा वाद महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षे चालू आहे. आजच्या प्रवर्गनिहाय योजनांवर होणारी कुरकुर ऐकताना हे स्मरणात असलेले बरे.

गुणवत्तेच्या पारितोषिकाचे उत्तम उदाहरण रायगड जिल्ह्यातच सापडते. महाडजवळच्या नाते येथे जन्मलेले आणि रोह्याशी घराण्याने बांधलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतसाठीच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. तेच पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. अशा पारितोषिकाने असामान्य विद्यार्थ्याचा गौरव होतो. सामान्य गुणांच्या, पण शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न त्याने सुटत नाही आणि तसा त्याचा हेतूही नसतो.

एका शिष्यवृत्तीची मुदत

तारखेचे महत्त्व किती असते हे पाहावयाचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना दरमहा २५ रुपयांची मदत दिली. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि त्या बदल्यात परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार झाला. ही मदत उदार होती आणि योग्य हाती पडली होती. परंतु तिला मुदत होती. १९१६ मध्ये ते लंडनला येऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे दाखल झाले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्ध्यावर अभ्यास टाकून त्यांना परत यावे लागले. बडोद्यातील नोकरीत वाट्याला आलेली अवहेलना सर्वश्रुत आहे. त्यानंतर सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. डी. एस्सी. ही पदवी १९२३ ची आहे. तीन वर्षांचा खंड विद्यार्थ्याच्या कुवतीमुळे पडला नव्हता. तो एका तारखेमुळे पडला होता. हा विद्यार्थी आंबेडकर होता म्हणून परत गेला. आपल्या वर्गातील विद्यार्थी एकदा गेला की सहसा परतत नाही.

हा अनुभव गाठीशी असलेले बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले, तेव्हा ऑक्टोबर महिन्यात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयीचे निवेदन सरकारला सादर केले आणि उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र तरतुदीची मागणी केली. त्यातून तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणून आपण जिला ओळखतो, ती हीच. आपल्या कार्यालयातील लिपिक तिचा उल्लेख ‘जीओआय’ असा करतात. तिच्या मागे १९१७ ची ती परतीची बोट आहे, हे सहसा कोणास ठाऊक नसते.

याच काळात साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वेगळी वाट धरली होती. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यास शिवाजी कॉलेज काढले, त्याचा पाया ‘कमवा आणि शिका’ हा होता. श्रमप्रतिष्ठा हा या योजनेचा गाभा मानला जातो आणि ते खरेच आहे. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा आणखी एक गुण नोंदवावासा वाटतो : केलेल्या कामाचा मोबदला कधी मिळणार हे विद्यार्थ्याला आधीपासून माहीत असते.

तत्कालीन मुंबई राज्याच्या शासनाने १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागासवर्गीयांना शुल्क सवलत दिली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीतील या निर्णयाने बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना महाविद्यालयाचे दार उघडले. ‘ईबीसी’ हा शब्द एका पिढीच्या तोंडी बसला तो त्यामुळे. या सवलतीत पैसा विद्यार्थ्याच्या हाती येत नव्हता, मात्र त्याच्या हातून जातही नव्हता. प्रवेशाच्या वेळीच शुल्क माफ होत असे. आजच्या प्रतिपूर्तीच्या पद्धतीशी तुलना करता हा फरक लहान वाटेल, पण तो लहान नाही.

निर्वाह भत्त्याचे आकडे

‘वृत्ती’चा मूळ भाग, म्हणजे निर्वाह भत्ता, आज कितपत शिल्लक आहे? अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. कला, विज्ञान, वाणिज्य या साध्या पदवी अभ्यासक्रमांचा गट तिसरा. या गटातील, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यास २००३ च्या दरांनुसार दरमहा १८५ रुपये मिळत. २०१० मध्ये ते ३०० झाले. दहा महिन्यांचे ३,००० रुपये. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेची पुनर्रचना केली, तेव्हा एकूण ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला आणि त्यातील ६० टक्के, म्हणजे ३५,५३४ कोटी रुपयांचा भार केंद्राने उचलला. पूर्वीच्या ‘बांधील दायित्वा’च्या पद्धतीत राज्यांवर पडणारा बोजा यामुळे बराच हलका झाला, ही मोठी सुधारणा होती. मात्र २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतील तिसऱ्या गटाचा दर पाहावा : वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला ६,००० आणि ये-जा करणाऱ्यास वर्षाला ३,००० रुपये. म्हणजे नागावहून एस.टी.ने अलिबागला येणाऱ्या बी. ए.च्या विद्यार्थ्यासाठी २०१० चा आकडा २०२१ मध्येही तोच राहिला. पहिल्या गटात ये-जा करणाऱ्यास ७,००० व वसतिगृहवासीयास १३,५०० रुपये आहेत. ज्याच्या घरी अभियांत्रिकीला पाठविण्याइतपत तरी बळ आहे त्याला अधिक आणि ज्याचे ते नाही त्याला कमी, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

याच्या शेजारी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना ठेवून पाहिली, तर विसंगती अधिक ठळक होते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून ही योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला ६०,०००, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे तिचे मूळ दर. त्या ४३,००० मध्ये २५,००० भोजनाचे, १२,००० निवासाचे आणि ६,००० निर्वाहाचे धरलेले. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना याच धर्तीवर आली आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी पुढे सावित्रीबाई फुले आधार योजना. या योजनांनी ‘वृत्ती’ला तिचा अर्थ परत दिला, असे म्हणता येईल. परंतु त्या घराबाहेर राहणाऱ्यासाठी आहेत. अलिबागला खोली करून राहणारा विद्यार्थी ४३,००० चा हक्कदार आणि रात्री नागावला परतणारा ३,००० चा. घरी जेवतो म्हणून त्याचे जेवण फुकट होते, असे शासनाने मानलेले दिसते.

प्रवासाचेही असेच. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला तो बंद होतो आणि मग विद्यार्थी सवलतीचा पास, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा, घरून भरावा लागतो. ज्या जूनमध्ये शुल्क, पुस्तके आणि दाखल्यांचा खर्च एकदम अंगावर येतो, त्याच जूनमध्ये ही सवलत सुटते.

एक गाव, अनेक कचेऱ्या

नागाव-अक्षी-रेवदंडा या पट्ट्यात आगरी, भंडारी, माळी, कोळी, ब्राह्मण, बौद्ध, मुसलमान अशी विविध समाजांची वस्ती आहे. तालुक्याच्या डोंगराकडील भागात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. एका वर्गातील चार विद्यार्थ्यांचे अर्ज चार दिशांना जातात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा अर्ज अलिबागच्या समाजकल्याण कार्यालयाकडे, कातकरी विद्यार्थ्याचा पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे, खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याचा राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज पनवेलच्या उच्च शिक्षण सहसंचालकांकडे. प्रत्येकाची उत्पन्नमर्यादा वेगळी : अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाख, शाहू महाराज योजनेची आठ लाख, केंद्राच्या गुणवत्ताधारित शिष्यवृत्तीची साडेचार लाख. अडीच लाखांची मर्यादा ओलांडणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शुल्कमाफी मिळते, निर्वाह भत्ता मात्र मिळत नाही. ‘शिष्यवृत्ती’ आणि ‘फ्रीशिप’ यांतील भेद तो हाच. सातव्या वेतन आयोगानंतर शासकीय शिपायाचे कुटुंबही या मर्यादेबाहेर जाते.

आगरी समाज इतर मागास वर्गात आणि किनाऱ्यावरचा कोळी समाज विशेष मागास प्रवर्गात मोडतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांत पहिल्यास शिक्षण शुल्काची निम्मी भरपाई आणि दुसऱ्यास पूर्ण, असा दंडक आहे. एकाच बाकावर बसणारे आणि सारख्याच तुटपुंज्या घरचे दोघे मित्र शुल्काच्या खिडकीपाशी वेगळे होतात. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शुल्कमाफी मिळाली. त्यामुळे आता आगरी घरातील बहिणीचे शुल्क माफ आणि भावाचे निम्मे, अशी स्थिती आहे. मुलींच्या बाबतीत हा निर्णय स्वागतार्हच आहे.

कोळी विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक गोंधळ वारंवार होतो, तो नोंदविणे आवश्यक आहे. महादेव कोळी, मल्हार कोळी या अनुसूचित जमाती आहेत; सोनकोळी व किनाऱ्यावरील मच्छीमार कोळी त्यात येत नाहीत. प्रवेश अर्जावर विद्यार्थी नुसते ‘कोळी’ लिहितो, लिपिक सवयीने एखादा रकाना भरतो आणि चूक अर्ज परत आल्यावर कळते. तोवर मुदत गेलेली असते.

मागे पाहणाऱ्या तारखा

जातीच्या दाखल्याची आणि पडताळणीची व्यवस्था २००१ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार चालते. तीत पुराव्याच्या तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांपूर्वीचा महसुली किंवा शाळेचा पुरावा हवा. आजोबा शाळेत गेले असतील तर जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो. त्यावर ‘जिल्हा कुलाबा’ असे असते, कारण रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे. आगरी-भंडारी कुटुंबांना असा उतारा वा जमिनीचा कागद बहुधा सापडतो. कातकऱ्याला तो कोठून सापडावा? त्याच्या नावावर जमीन नव्हती आणि त्याचा आजोबा शाळेत गेला नव्हता. आजही दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. जी जमात सर्वांत वंचित म्हणून मदतीस सर्वांत पात्र, तिच्यापाशीच पात्रतेचा कागद सर्वांत कमी, हा या व्यवस्थेतील खोल विरोध आहे.

उत्पन्नाचा दाखलाही मागेच पाहतो. तलाठ्याच्या अहवालावरून तहसील कचेरीतून मिळणारा हा दाखला ३१ मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले आणि या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून तिला फळ धरावयास पाच-सात वर्षे जातात. म्हणजे त्या एका दुपारी बागायतदाराचे पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न गेले. पण त्याच महिन्यात मुलाच्या प्रवेशासाठी त्याने दाखला काढला असता, त्यावर येणारा आकडा वादळापूर्वीच्या, उभ्या बागेचा. वाडी नांदती असतानाचे उत्पन्न वाडी पडल्यावर मुलाच्या आड आले, असे येथे घडू शकते. आपत्तीनंतर त्या वर्षापुरता पूर्वीचा दाखला बाजूस ठेवून पंचनाम्याच्या आधारे पात्रता ठरविण्याची तरतूद योजनांच्या मूळ नियमांतच हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

महाडीबीटी आणि महाविद्यालय

२०१७-१८ पासून राज्यातील बहुतेक शिष्यवृत्त्या ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावरून दिल्या जातात. त्याआधी काही संस्थांनी बोगस विद्यार्थी दाखवून रकमा लाटल्याच्या तक्रारी झाल्या होत्या व त्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले होते. त्यामुळे आधारक्रमांकाशी जोडलेल्या खात्यात थेट रक्कम जमा करण्याचा निर्णय तत्त्वतः योग्यच होता. पहिल्या वर्षी संकेतस्थळ इतके अडखळले की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. पुढे कारभार सुधारला. अर्जाचा प्रवास मात्र लांबच आहे : विद्यार्थी, महाविद्यालयाचा लिपिक, प्राचार्य, जिल्हा कार्यालय, राज्यस्तर, कोषागार आणि शेवटी बँक. गुणपत्रिकेवरील व आधारपत्रावरील नावात एका अक्षराचा फरक असला किंवा खाते आधारशी जोडलेले नसले, तर साखळीतील शेवटची कडी निखळते आणि विद्यार्थ्याला ‘मंजूर’ असे दिसत असूनही पैसे येत नाहीत.

नव्या केंद्रीय पद्धतीत राज्याने आपला ४० टक्के हिस्सा आधी दिल्यावर केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यातील शुल्काचा भाग विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरावयाचा असतो. शुल्क आधी न भरता प्रवेश मिळावा म्हणून ‘फ्रीशिप कार्डा’ची तरतूदही या सूचनांत आहे. येथे महाविद्यालयांची खरी अडचण सुरू होते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अनुदानित कला-वाणिज्य विभागात शुल्क अल्प असते आणि अध्यापकांचे वेतन शासन देते. तेथे प्रतीक्षा सोसवते. विनाअनुदानित तत्त्वावरील अभ्यासक्रमांत मात्र अध्यापकाचे वेतन शुल्कातूनच निघते. रक्कम वर्ष संपल्यावर आली, तर मधल्या काळात तिची उसनवारी कोणी तरी केलेलीच असते. संस्थेने केली तर अध्यापकाचा पगार थकतो. विद्यार्थ्यावर ढकलली तर त्याचे वडील पतपेढीकडे जातात. शासनाच्या विलंबाचे व्याज असे निमूटपणे खाली सरकत जाते आणि ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. परीक्षेचा अर्ज वा निकाल शुल्कासाठी अडवून धरणे मात्र या अडचणीवरचा उपाय नव्हे. थकबाकीदार विद्यार्थी नसतो.

इतर देशांत ही गोष्ट कशी हाताळली जाते? अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सुरू झालेल्या आणि १९८० पासून पेल या सिनेटरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुदानाची कमाल रक्कम २०२४-२५ मध्ये ७,३९५ डॉलर होती. पण रकमेपेक्षा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. विद्यार्थी महाविद्यालय निवडण्यापूर्वीच अर्ज करतो, किती मदत मिळेल हे त्याला प्रवेशाआधी कळते, सत्राच्या आरंभी रक्कम महाविद्यालयाकडे येते आणि शुल्क वजा जाता उरलेला पैसा चौदा दिवसांत विद्यार्थ्याला द्यावा लागतो. आपल्याकडे आधी प्रवेश, मग अर्ज, मग प्रतीक्षा. अर्थात तेथेही घडी विस्कटते. २०२४-२५ साठीचा नवा अर्ज ऑक्टोबरऐवजी २०२३ च्या डिसेंबरअखेर खुला झाला, तेव्हा महाविद्यालयांची मदतपत्रे लांबली आणि अनेक गरीब विद्यार्थ्यांना कोठे शिकावयाचे हे ठरविता येईना. रक्कम तीच होती. केवळ तारीख हुकली होती.

अध्यापकाच्या हातातील गोष्टी

दर आणि मर्यादा बदलणे महाविद्यालयाच्या हाती नाही. तारखांपैकी काही मात्र आहेत. जातीचा दाखला व पडताळणी ही कामे अकरावीतच सुरू करवून घेतली, तर बारावीनंतरची धावपळ टळते; कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असेल तेथे हे सहज शक्य आहे. एप्रिल महिन्यात, नवे आर्थिक वर्ष लागताच उत्पन्नाचा दाखला काढण्याची सूचना विद्यार्थ्यांना दिली, तर जूनमधील सेतू केंद्रावरची गर्दी त्यांना भोवत नाही. आधार आणि बँक खाते यांची जोडणी प्रवेशाच्या दिवशीच तपासता येते. कातकरी वाड्यांवरील विद्यार्थ्यांचे अर्ज दिवाळीपूर्वी भरून घ्यावेत, कारण त्यानंतर स्वाक्षरी करावयास पालक गावात नसतो. ही कामे लिपिकाची आहेत असे म्हणून अध्यापकांनी अंग काढून घेण्याची प्रथा आहे. पण लिपिकापाशी फक्त अर्ज येतो, विद्यार्थी अध्यापकापाशी येतो. काही महाविद्यालये माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून फिरता निधी ठेवतात. त्यातून निर्वाह भत्त्याएवढी रक्कम सत्रारंभी उसनी देता येते आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर ती निधीत परत येते. तीन हजारांचीच गोष्ट असेल, तर ती जुलैत मिळणे आणि पुढच्या वर्षी मिळणे यांत पासाचे पैसे आहेत की नाहीत एवढे अंतर असते.

हजेरीचा मुद्दा शेवटी घेतो, कारण तो सर्वस्वी आपल्या हातचा आहे. शिष्यवृत्तीस ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. नागावात पर्यटकांची गर्दी शनिवार-रविवारी आणि नाताळाच्या आगेमागे असते. शिष्यवृत्ती आलेली नसते, म्हणून विद्यार्थी या दिवसांत एखाद्या वाडीत खोल्या लावण्याचे, स्वयंपाकघरात हाताखालचे किंवा किनाऱ्यावरचे काम धरतो. शनिवारचे तास बुडतात, डिसेंबरचा शेवट बुडतो, उपस्थिती ७५ च्या खाली जाते आणि मग उशिरा येणारी शिष्यवृत्ती येण्याचीच बंद होते. ज्या गैरहजेरीस विलंब कारणीभूत, तीच गैरहजेरी पुढे अपात्रतेचे कारण ठरते. वेळापत्रक समितीने शनिवारी प्रात्यक्षिके व सक्तीच्या चाचण्या न ठेवता त्या मंगळवार-बुधवारी घेतल्या आणि बुडालेल्या तासांची भरपाई जानेवारीत योजली, तर नियमाला धक्का न लावता यांतील बरेच विद्यार्थी पात्र राहू शकतात. उपस्थितीचा मासिक गोषवारा सत्राच्या अखेरीस न लावता ऑगस्टपासून दर महिन्यास लावला, तर कोणाची टक्केवारी घसरू लागली आहे ते वेळेवर दिसते आणि विचारपूस करावयास अवधी मिळतो.